गाडी खाली बसली, दांडी तेवढीच राहिली : स्टॅबिलायझर लिंकचा इतिहास

प्रस्तावना

खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारीच्या पुढच्या चाकापाशी 'खट खट' असा आवाज येऊ लागला, की गॅरेजमधला कारागीर सुरुवातीलाच एक भाग हाताने हलवून पाहतो. साधारण बोटाएवढी जाड दांडी, दोन्ही टोकांना गोलक असलेले सांधे, त्यांवर रबराची टोपी. गॅरेजच्या भाषेत ही 'लिंक रॉड'. पुस्तकांत तिला स्टॅबिलायझर लिंक म्हणतात. किमतीने ती गाडीतल्या स्वस्त भागांपैकी एक आहे आणि तिच्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही.

या पाठात आपण याच दांडीचा इतिहास पाहणार आहोत. तीन प्रश्न समोर ठेवा. मोटारीला स्टॅबिलायझर बार का लागला? तो बार आणि चाक यांच्यामध्ये वेगळी दांडी कधी आणि का आली? आणि गाडीची उंची कमी करणाऱ्यांना लांबी कमी-जास्त करता येणारी दांडी का हवीशी झाली? या प्रश्नांच्या मागे एक मोठा मुद्दा आहे, तो आधीच सांगून ठेवतो. मोटारीतील प्रत्येक भागाचे माप शेजारच्या भागांचे माप गृहीत धरून ठरलेले असते. एक माप बदलले की बाकीची गृहीतके मोडतात. ती कोणी मोडली, कशासाठी मोडली आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

कलण्याचा प्रश्न

इतिहासाकडे वळण्याआधी थोडे यंत्रशास्त्र समजून घेऊ. गाडी वळते तेव्हा तिचे शरीर वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलते. बसमध्ये उभे असताना तुम्ही जसे बाहेर फेकले जाता तसेच. बाहेरच्या बाजूच्या स्प्रिंगा दाबल्या जातात, आतल्या बाजूच्या सैल होतात. हा कल कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे स्प्रिंगा कडक करणे. पण मग सरळ रस्त्यावरही प्रत्येक खड्डा पाठीला जाणवतो.

स्टॅबिलायझर बार हा या पेचातून काढलेला मार्ग आहे. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवलेली पोलादी सळई घ्या. तिचा मधला भाग गाडीच्या सांगाड्याला दोन रबरी बुशांमध्ये बसवा, आणि दोन टोके डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडा. दोन्ही चाके एकदम वर गेली तर सळई बुशांमध्ये नुसती फिरते, विरोध करत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, म्हणजेच गाडी कलली, तर सळईला पीळ बसतो आणि ती कलाला विरोध करते. सरळ रस्त्यावर मऊ, वळणावर ताठ, असा हा गुण आहे.

दोन आकडे लक्षात ठेवा. भरीव सळईचा पिळाला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास २० मिलिमीटरवरून २२ केला, म्हणजे केवळ दहा टक्के वाढवला, तर ताठरपणा सुमारे ४६ टक्के वाढतो. दुसरे, टोकाच्या बाहूची लांबी. ती जितकी कमी, तितका टोकापाशी जाणवणारा विरोध जास्त, आणि हे नाते वर्गाचे आहे. बाहू २५० मिलिमीटरऐवजी २३० केला तर विरोध सुमारे १८ टक्के वाढतो. या दोन्ही हिशेबांत लिंकची लांबी कोठेही आलेली नाही, हेही नोंदवून ठेवा. पुढे आपल्याला त्याची गरज लागेल.

बारचा आणखी एक परिणाम आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. त्यातला किती भाग पुढच्या जोडीने घ्यायचा आणि किती मागच्या, हे पुढच्या-मागच्या ताठरपणावरून ठरते. टायरवरचा भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणून ज्या जोडीत भार जास्त सरकतो त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढे जाड बार बसवला तर पुढची चाके आधी सुटतात आणि गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळते. याला अंडरस्टिअर म्हणतात. उलट मागची चाके आधी सुटली तर गाडीची शेपटी बाहेर येते, याला ओव्हरस्टिअर म्हणतात. सामान्य चालकाला पहिली स्थिती सावरता येते, दुसरी क्वचितच.

१९१९ ते १९३४ : आरामाने निर्माण केलेली गरज

अशा बारचे पहिले पेटंट २२ एप्रिल १९१९ रोजी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांना मिळाले. पण पेटंट मिळाले म्हणजे वापर सुरू झाला असे होत नाही. त्या काळातल्या मोटारींना पुढे-मागे अखंड आस आणि कडक पट्ट्यांच्या स्प्रिंगा असत. गाडी फारशी कलतच नसे, आणि कललेली लोक चालवून घेत. उपाय हाताशी होता, पण प्रश्न अजून मोठा झाला नव्हता.

तो मोठा केला आरामाच्या शोधाने. मॉरिस ऑली हे रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले इंग्रज अभियंते १९३० मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आले. वजने पुढे-मागे सरकवता येतील अशी एक प्रायोगिक गाडी त्यांनी तयार करवली आणि प्रवाशांना कोणत्या हेलकाव्याने त्रास होतो याचा अभ्यास केला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असाव्यात, हा त्यातून निघालेला महत्त्वाचा निष्कर्ष. त्या काळच्या प्रथेच्या हे अगदी उलट होते. पण अखंड आसावर इतक्या मऊ स्प्रिंगा घातल्या की पुढची चाके थरथरू लागत. म्हणून पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्र करावी लागली. १९३४ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने आपल्या मोटारींना स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन दिले.

इथे आपला मुख्य मुद्दा पहिल्यांदा दिसतो. पुढच्या स्प्रिंगा मऊ झाल्या, चाके स्वतंत्र झाली, आणि पुढच्या बाजूचा कलाला होणारा विरोध घटला. मागे मात्र जुनाच अखंड आस होता. साहजिकच वळणावर सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा मागच्या चाकांवर आला आणि गाडी शेपटी टाकण्याकडे झुकू लागली. आरामासाठी केलेल्या बदलाने सुरक्षिततेचे गणित बिघडवले होते. ते पुन्हा जुळवण्यासाठी पुढे स्टॅबिलायझर बार आला. अंडरस्टिअर-ओव्हरस्टिअर ही विचारपद्धती रूढ करण्यातही ऑली यांचा मोठा वाटा आहे. १९५० नंतर मऊ कॉइल स्प्रिंगांच्या गाड्या वाढल्या तसा हा बारही सर्रास दिसू लागला.

स्ट्रट आला, आणि मग दांडी आली

दुसरा टप्पा अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते शेव्हर्लेच्या 'कॅडेट' या छोट्या मोटारीवर काम करत होते. १९४७ मध्ये तो प्रकल्प बंद झाला आणि ते फोर्डमध्ये गेले. स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि चाकाचा आधार यांना एकाच उभ्या खांबात बसवणारी त्यांची रचना १९५० मध्ये ब्रिटनच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या मोटारींत लोकांसमोर आली. तिला आपण मॅकफर्सन स्ट्रट म्हणतो. भाग कमी, खर्च कमी, इंजिनाला जागा अधिक. आज भारतातल्या बहुसंख्य छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांमागे हीच रचना आहे. १९८३ च्या मारुती ८०० मध्येही ती होती.

मॅकफर्सन यांच्या मूळ रचनेत स्टॅबिलायझर बारला दोन कामे होती. कलाला विरोध करायचा, आणि खालच्या एकेरी आर्मला पुढे-मागे सरकू न देता जागेवर धरायचे. बारचे टोक थेट आर्मला जोडलेले असे. म्हणजे तिथे वेगळी लिंक नव्हती. काटकसर म्हणून हे उत्तम, पण एका भागावर दोन कामे टाकली की दोन्ही कामांत तडजोड करावी लागते.

पुढे अनेक मोटारींनी खालचा आर्म त्रिकोणी केला. १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ हे त्याचे परिचित उदाहरण. असा आर्म स्वतःच्या बळावर जागेवर राहतो, त्यामुळे बार एका कामातून सुटला. आता बारचे टोक आणि हलणारे सस्पेन्शन यांना जोडणारा स्वतंत्र दुवा हवा होता. हीच आपली लिंक. ती कोठे जोडायची याचे दोन पर्याय होते. खालच्या आर्मच्या मध्याजवळ जोडली, तर चाक जितके वर-खाली जाते त्याचा काही भागच बारपर्यंत पोहोचतो. समजा साठ टक्के पोहोचला, तर चाकापाशी जाणवणारा बारचा ताठरपणा ०.६ चा वर्ग, म्हणजे ०.३६ पट उरतो. स्ट्रटच्या नळीवर जोडली तर जवळपास पूर्ण हालचाल मिळते आणि बारीक, हलका बारही पुरतो. त्यामुळे स्ट्रटला जोडलेल्या लांब लिंकचा प्रसार झाला.

या लिंकची लांबी कारखान्यात एकदाच ठरते. गाडी ठरलेल्या उंचीवर उभी असताना बारचे बाहू योग्य कोनात असावेत, सांध्यांना दोन्हीकडे वळायला जागा असावी, आणि बार आसाच्या शाफ्टला किंवा आर्मला घासू नये, असा तो हिशेब असतो. उंची कायम राहणार, हे त्यातले गृहीतक. ते कोणी मोडले हे पाहण्याआधी, बारच गाळला तर काय होते याचे एक उदाहरण पाहू.

गाळलेल्या बारचे प्रकरण : कॉर्व्हेअर

शेव्हर्लेने १९६० च्या मॉडेल-वर्षासाठी कॉर्व्हेअर ही मोटार आणली. इंजिन मागे, हवेने थंड होणारे. गाडीच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग मागच्या चाकांवर. मागचे सस्पेन्शन 'स्विंग ॲक्सल' पद्धतीचे, म्हणजे अर्ध्या आसाला फक्त आतल्या टोकाला सांधा. आस झुलला की चाकही त्याच्याबरोबर तिरके होणार. जोरात वळताना बाहेरचे मागचे चाक गाडीखाली मुडपले जाण्याची शक्यता या रचनेत असते.

अशा गाडीत पुढे स्टॅबिलायझर बार असता, तर सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा पुढच्या चाकांनी उचलला असता आणि मागच्यांवरचा ताण हलका झाला असता. पण १९६० ते १९६३ च्या सर्वसाधारण कॉर्व्हेअरमध्ये तो नव्हता. खर्च वाचवण्यासाठी तो गाळला गेला. १९६२ पासून तो जादा पैसे देऊन घ्यायच्या जड सस्पेन्शनच्या संचात मिळू लागला. एरवी समतोल राखण्याचे काम टायरमधल्या हवेवर सोपवले होते. पुढे सुमारे १५ पौंड आणि मागे २६ पौंड दाब ठेवावा, अशी कंपनीची सूचना होती. आता तुम्हीच विचार करा, हवा भरणाऱ्या पंपावर उभे राहून पुढे-मागे इतका फरक किती जण सांभाळतील?

१९६४ मध्ये पुढचा बार सर्व कॉर्व्हेअरमध्ये आला आणि १९६५ मध्ये मागचे सस्पेन्शन पूर्ण बदलले. तोवर उशीर झाला होता. अपघातांचे खटले न्यायालयात उभे होते. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक आले आणि त्याचे पहिले प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. कंपनीने नेडर यांच्यामागे गुप्तहेर लावल्याचे उघड झाले. मार्च १९६६ मध्ये सेनेटच्या समितीसमोर कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना माफी मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मोटार सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने कॉर्व्हेअरच्या चाचण्यांचा अहवाल दिला. त्या काळच्या इतर मोटारींच्या तुलनेत ही गाडी ताबा सुटण्याच्या किंवा उलटण्याच्या बाबतीत विशेष धोकादायक नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग खरे कोणाचे? परीक्षेत हा प्रश्न आला तर एका बाजूला उभे राहून उत्तर लिहू नका. अहवालाचा प्रश्न तुलनेचा होता : ही गाडी इतरांपेक्षा वाईट होती का? नेडर यांचा प्रश्न जबाबदारीचा होता : उपाय ठाऊक असताना तो खर्चासाठी का गाळला? दोन साधनांचे निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात तेव्हा आधी त्यांचे प्रश्न तपासा. पुष्कळदा ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे असतात.

उंची कमी करण्याची हौस आणि कायदा

कॉर्व्हेअरमधला निर्णय कंपनीने घेतला होता. उंचीचा निर्णय मात्र मालकांनी स्वतःच्या हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील मेक्सिकन-अमेरिकन तरुण जुन्या मोटारी घेऊन त्या जमिनीलगत आणू लागले. सुरुवातीचे मार्ग साधे होते. डिकीत वाळूची पोती ठेवणे, स्प्रिंगांची वेटोळी कापणे किंवा तापवून बसवणे. गाडी सावकाश, मिरवत चालवायची. वेगाने पळवण्याची स्पर्धा इतरांची, आपली ओळख वेगळी, असा त्यामागचा भाव होता. या गाड्यांना 'लोरायडर' म्हणतात.

१९५८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतील कलम २४००८ ने बंदी आणली. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. पुढच्याच वर्षी रॉन अगीरे यांनी आपल्या कॉर्व्हेट मोटारीला हायड्रॉलिक पंप बसवले. आता बटण दाबून गाडी खाली बसवता येई आणि पोलीस दिसले की वर उचलता येई. बंदीमुळे प्रथा थांबली नाही, उलट तिला नवे तंत्र मिळाले. पुढे ही हायड्रॉलिक यंत्रणाच लोरायडरची ओळख बनली. हे कलम अखेर रद्द झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून ती बंदी उठली.

युरोपात हौसेचे वळण वेगळे होते. तिथे गाडी खाली आणायची ती वळणावर चांगली धावावी म्हणून. १९७६ मध्ये विक्रीला आलेल्या गोल्फ जीटीआयने कमी उंचीचे सस्पेन्शन कारखान्यातूनच दिले आणि तरुणांना नमुना मिळाला. ऑस्ट्रियातील वोर्थरसे तळ्याकाठी १९८२ पासून जीटीआयवाल्यांचे मेळावे भरू लागले. जर्मनीत अशा फेरबदलांवर सरसकट बंदी नाही. अनेक भागांबाबत भागासोबत तपासणी अहवाल असावा लागतो आणि बसवलेली गाडी ट्यूफसारख्या संस्थेच्या अधिकृत तपासनीसाला दाखवून मंजुरी घ्यावी लागते. त्यामुळे मोजून-मापून केलेल्या सुट्या भागांचा मोठा बाजार तिथे उभा राहिला.

लांबी बदलता येणारी लिंक : काय करते, काय करत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा तुम्ही गाडी ४० मिलिमीटर खाली आणली. शरीर खाली आले, म्हणजेच शरीराच्या मानाने चाक आणि स्ट्रट ४० मिलिमीटर वर गेले. लिंक तेवढीच राहिली, म्हणून तिने बारचे टोकही जवळपास तितकेच वर नेले. बाहू २५० मिलिमीटरचा आणि आधी आडवा असेल तर तो आता सुमारे ९ अंशांनी वर वळला. दोन्ही बाजू सारख्याच वळल्या, त्यामुळे बारला पीळ बसलेला नाही. पण वळणावर टोक आणखी ५० मिलिमीटर वर गेले, तर कोन २१ अंशांपर्यंत जातो. मूळ उंचीवर तो ११ ते १२ अंशच झाला असता. सांधा आपल्या मर्यादेजवळ येतो, बार शाफ्टला किंवा आर्मला टेकू शकतो, आणि तेवढ्याच कलाला डाव्या-उजव्या बाजूंचा प्रतिसाद वेगळा होत जातो.

लांबी बदलता येणारी लिंक ही बिघडलेली मांडणी पूर्ववत करते. तिच्या मधल्या नळीच्या एका टोकाला उजवा आटा आणि दुसऱ्या टोकाला डावा आटा असतो. नळी फिरवली की दोन्ही टोके एकदम आत किंवा बाहेर जातात, मग नटाने ती जागेवर घट्ट करायची. स्पर्धेच्या मोटारींत टोकांना उघडे गोलक सांधे असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या नियंत्रण दांड्यांत वापरले गेलेले हे सांधे उत्तर अमेरिकेत हाइम आणि ब्रिटनमध्ये रोज या उत्पादकांच्या नावांनी ओळखले जातात. त्यांत ढिलेपणा नसतो, पण रबरी टोपी नसेल तर धूळ-चिखलात ते लवकर झिजतात.

लिंक लांब करायची की आखूड? 'गाडी खाली, म्हणून लिंक आखूड' असे सरसकट सांगितले जाते. ते पाठ करू नका, आकृती काढा. लिंक खालच्या आर्मवरून वर बारकडे जात असेल, तर आर्म वर आल्यामुळे बारचे टोक मूळ जागी राखायला ती आखूड करावी लागते. लिंक स्ट्रटवरून खाली बारकडे येत असेल, तर स्ट्रटवरचा कान वर गेल्यामुळे तीच दुरुस्ती करायला ती लांब करावी लागते. बाजारात मिळणाऱ्या स्ट्रटवर तो कानच दुसऱ्या उंचीवर बसवलेला असेल, तर उत्तर पुन्हा बदलते.

तिचे दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. गाडीच्या डाव्या-उजव्या बाजू कधीच तंतोतंत सारख्या नसतात. चालक एका बाजूला बसतो, स्प्रिंगांत थोडा फरक असतो. त्यामुळे गाडी सपाटीवर उभी असतानाच बारला थोडा पीळ बसलेला राहू शकतो. अशी गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरे वळते. उपाय असा : गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करायची, चालकाच्या जागी तेवढे वजन ठेवायचे, एका बाजूची लिंक जोडायची, आणि दुसऱ्या बाजूची लांबी तिचा बोल्ट हाताने सहज आत सरकेपर्यंत बदलायची. एक चाक जॅकवर उचलून हे काम केले तर बारला आधीच पीळ पडलेला असतो आणि सारा हिशेब चुकतो.

आता सुरुवातीला नोंदवलेली गोष्ट आठवा. बारचा ताठरपणा व्यासावर, लांबीवर आणि बाहूवर अवलंबून आहे. लिंकची लांबी बदलून गाडीचा कल फारसा कमी होत नाही. तसे कोणी सांगून विकत असेल, तर त्याला बार आणि लिंक यांतला फरक कळलेला नाही किंवा तुम्हाला कळू द्यायचा नाही. गाडी १५-२० मिलिमीटरच खाली आणली असेल तर कोनातला फरक ३-५ अंशांचा असतो आणि पुष्कळदा मूळ लिंक चालून जाते. उलट, स्ट्रटच्या गाडीत उंची कमी केल्याने गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून अधिक तिचे कलण्याचे केंद्र खाली जाऊ शकते. तेव्हा कलवणारा तरफेचा बाहू वाढतो. म्हणजे फार खाली आणलेली गाडी स्थिर दिसते, पण कलाला आधीपेक्षा जास्त प्रवृत्त होऊ शकते. तो दोष लिंक दुरुस्त करत नाही.

भारतीय संदर्भ

आपल्याकडे गृहीतकच उलटे आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सुचवली आहे. प्रत्यक्षात गल्लोगल्ली कसे उंचवटे असतात हे तुम्ही रोज पाहता. अशा रस्त्यांवर कमी उंचीची मोटार पोटाला घासते, आणि झिजलेली लिंक ही इथल्या गॅरेजची नेहमीची दुरुस्ती ठरते.

कायद्याचाही विचार करा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा फेरबदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून गाडीची उंची बदलण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे. कॅलिफोर्नियाने बंदी घातली आणि पळवाट निघाली, जर्मनीने तपासणी ठेवली आणि मोजमापाची शिस्त आली. आपल्या व्यवस्थेतून काय निघेल, हा तुमच्या पिढीसमोरचा प्रश्न आहे.

सारांश

१९३४ मध्ये आरामासाठी स्प्रिंगा मऊ झाल्या, म्हणून बार आला. १९५० नंतर स्ट्रट रूढ झाला आणि खालचा आर्म स्वतंत्र झाला, म्हणून लिंक आली. हौसेने उंची कमी झाली, म्हणून लिंकची लांबी बदलता येऊ लागली. प्रत्येक वेळी नवा भाग आधीच्या बदलाची भरपाई करत आला आहे. कॉर्व्हेअरमध्ये ही भरपाई खर्चासाठी टाळली गेली आणि तिचा हिशेब न्यायालयांत आणि सेनेटमध्ये द्यावा लागला. पुढच्या वेळी गाडीखालून 'खट खट' ऐकू आली, तर त्या छोट्या दांडीमागे उभी असलेली ही साखळी आठवा.

स्वाध्याय

१. कोलमन यांचे पेटंट आणि बारचा व्यापक वापर यांत इतके अंतर का पडले? कारणे द्या.

२. नेडर यांचे पुस्तक आणि १९७२ चा अहवाल या दोन साधनांचे मूळ प्रश्न वेगळे कसे होते ते स्पष्ट करा.

३. लिंक आर्मला जोडलेली आणि स्ट्रटला जोडलेली अशा दोन आकृत्या काढा. गाडी ३० मिलिमीटर खाली आणल्यास प्रत्येक लिंकची लांबी कोणत्या दिशेने बदलावी लागेल ते दाखवा.

४. तुमच्या गावातल्या एखाद्या गॅरेजला भेट द्या. बदलून टाकलेली जुनी लिंक मागून घ्या, तिचे सांधे हलवून पाहा, आणि ती कोणत्या टोकाला अधिक झिजली आहे व का, यावर एक परिच्छेद लिहा.